शॉकप, पाना आणि ‘पंक्चरचं दुकान’

त्या रविवारी सकाळी मी आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये गाडीखाली आडवा पडलो होतो. मागचं डावं चाक काढून बाजूला ठेवलेलं, अंगात जुना कुर्ता, हात कोपरापर्यंत काळे. वरच्या मजल्यावरचे शेजारी दूध घेऊन येत होते. माणूस चांगला आहे. ईदला शीरखुर्मा खायला येतात, दिवाळीला फराळाचं ताट पाठवतात. वाकून बघत म्हणाले, “काय सर, पंक्चरचं दुकान टाकलं का?” ते हसले. मीही हसलो. ते जिना चढून गेले आणि मी पुन्हा बोल्टाकडे वळलो, पण पाना काही केल्या बसेना.

हा लेख त्यांच्या हसण्याबद्दल कमी आणि माझ्या हसण्याबद्दल जास्त आहे.

आधी गाडीचं सांगतो. अकरा वर्षांची छोटी हॅचबॅक. परभणीत राहणाऱ्याला रस्त्यांचं काही सांगायला नको. ‘जगात जर्मनी अन् भारतात परभणी’ असं आपण छाती फुगवून म्हणतो. पण खड्ड्यातून गाडी गेली की आधी म्हणीचा विसर पडतो आणि मग कमरेची आठवण येते. दोन-तीन महिन्यांपासून गाडीची मागची बाजू खड्ड्यानंतर नावेसारखी हलत होती. गतिरोधकावरून उतरली की एकदा, दोनदा, तीनदा वर-खाली. मागे बसलेली मुलगी उलटी येते म्हणायची. मला वाटलं टायरमध्ये हवा कमी असेल. मग एके दिवशी चाकाच्या आत हात घातला तर बोटं तेलकट. शॉकप गळत होता.

अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेलो. काचेचा दरवाजा, एसी, कॉफीचं मशीन. टाय लावलेल्या तरुणानं गाडी आत पाठवली आणि वीस मिनिटांनी एक छापील कागद माझ्या हातात दिला. चारही शॉक ॲब्सॉर्बर, चारही माउंटिंग, बुश, पुढच्या दोन्ही बाजूंचे लोअर आर्म, शिवाय मजुरी आणि जीएसटी. एकूण चोवीस हजार आठशे. मी विचारलं, “लोअर आर्मला काय झालंय?” तो म्हणाला, “सर, रिकमेंडेड आहे.” मी म्हटलं, “दाखवता का?” तो म्हणाला, “कस्टमरला आत अलाऊड नाही, सेफ्टी इश्यू.” माझी गाडी, माझे पैसे, त्या गाडीत बसणारी माझी मुलं, पण खालून बघायला मला मनाई. आणि मी काय केलं? भांडलो नाही. कागदाची घडी घातली, “थँक यू” म्हटलं आणि निघालो. हा ‘थँक यू’ लक्षात ठेवा, पुढे त्याचा हिशेब करायचाय.

तिथून सरळ गेलो उस्तादांकडे. माझ्या आजोळच्या मोहल्ल्यात त्यांचं गॅरेज आहे. पत्र्याचं शेड, एक खड्डा, भिंतीवर रांगेनं टांगलेले पाने, कोपऱ्यात पाण्याचा माठ. शुक्रवारी बंद. वय साठीच्या पुढे. त्यांनी गाडीला हात लावला नाही, नुसतं मला म्हणाले, “सर, पिछे का कोना दबाको छोडो.” मी मागच्या कोपऱ्यावर पूर्ण वजन टाकून सोडलं. गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर. “अब आगे का.” पुढचा उजवा कोपरा वर येऊन जवळजवळ थांबला, डावा मात्र किंचित डोलला. मग त्यांनी मला खड्ड्यात उतरवलं आणि टॉर्च हातात दिला. मागचे दोन्ही शॉक वरपासून खालपर्यंत ओले, त्यावर धुळीचा चिखल. पुढच्या डाव्यालाही तेलाची धार. उजव्याला सीलजवळ नुसता पुसट ओलावा. “ये पसीना है,” ते उजव्याकडे बोट दाखवून म्हणाले, “वो खून है.” लोअर आर्मचे बुश त्यांनी पहारीनं हलवून दाखवले. धडधाकट होते.

पाच मिनिटांत मला माझ्या गाडीबद्दल जे कळलं ते अकरा वर्षांत कुठल्याही छापील कागदानं सांगितलं नव्हतं. आणि त्याचे पैसे त्यांनी मागितले नाहीत, मीही देऊ केले नाहीत. याचाही हिशेब पुढे आहे.

शॉक ॲब्सॉर्बर हे नावच थोडं फसवं आहे. धक्का झेलते ती स्प्रिंग. पण स्प्रिंगला थांबणं माहीत नसतं. एकदा दाबली की ती नाचत राहते. तिचा नाच थांबवणं हे शॉकचं काम. आत एक नळी, तिच्यात तेल, तेलात बारीक भोकं आणि झडपा असलेला दट्ट्या. चाक वर-खाली होतं तसं तेल त्या भोकांतून जबरदस्तीनं ढकललं जातं आणि हालचालीची ताकद उष्णतेत बदलते. खराब रस्त्यावरून लांब आल्यावर शॉकला हात लावा, चांगलाच तापलेला असतो. दट्ट्याचा दांडा क्रोमचा, आरशासारखा गुळगुळीत; तो जिथून बाहेर येतो तिथं रबरी सील. त्या दांड्यावर धूळ बसते, ओरखडा पडतो, सील झिजते आणि तेल बाहेर यायला लागतं. तेल कमी झालं की दट्ट्या तेलाऐवजी फेसात हलतो. मग चाक रस्त्याला चिकटून राहत नाही, उड्या मारतं. उडालेल्या चाकाला ब्रेक लागून उपयोग काय? टायर जागोजागी खड्ड्याखड्ड्यांनी झिजतं, वळणावर गाडी झुलते आणि ओल्या रस्त्यावर थांबायला जास्त अंतर लागतं. म्हणजे हा प्रश्न आरामाचा नव्हे, जिवाचा आहे. तरीही आपल्याकडे माणूस सीटकव्हर आधी बदलतो.

उस्तादांना म्हटलं, मला हे स्वतः करायचंय. ते हसले नाहीत. थोडा विचार केला आणि म्हणाले, “पिछे का तुम करो. आगे का नक्को. आगे का मेरे पास लाओ.”

का, ते सांगायला हवं, कारण सगळी मेख त्यात आहे. माझ्या गाडीत मागच्या बाजूला स्प्रिंग वेगळी आणि शॉक वेगळा बसवलेला आहे. शॉक काढला तरी स्प्रिंग आपल्या जागी राहते. पुढे तसं नाही. पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरची ही कल्पना. फोर्डच्या गाड्यांमध्ये ती पहिल्यांदा रस्त्यावर आली आणि आज आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या बाजूला तिच्यावरच उभ्या आहेत. तिच्यात शॉकच्या अंगावरच स्प्रिंग दाबून बसवलेली असते आणि डोक्यावरचा एक नट तिला धरून ठेवतो. स्प्रिंग आधी कॉम्प्रेसरनं आवळून न घेता तो नट कुणी सोडला तर शेकडो किलोंचा दाब एका क्षणात सुटतो. जबडा फुटलेली, हात गेलेली माणसं या धंद्यात असतात. उस्तादांच्या डाव्या भुवईवर जुनी खूण आहे, ती कशाची हे मी त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं.

मागचे दोन शॉक बाजारातून घेतले. गॅस भरलेले, गाडी कंपन्यांना माल पुरवणाऱ्या ब्रँडचेच, जोडी तीन हजार चारशेला. एकच गळत असता तरी जोडीच घेतली असती. एका बाजूला नवा आणि दुसरीकडे थकलेला शॉक ठेवला तर गाडी ब्रेक मारताना आणि वळताना दोन वेगळ्या गाड्यांसारखी वागते.

आता काम. शनिवारी रात्रीच बोल्टांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवला. सकाळी गाडी सपाट काँक्रीटवर घेतली, पहिल्या गिअरमध्ये टाकली, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. जमिनीवर असतानाच चाकाचे नट थोडे सैल केले, मग जॅक आणि लगेच घोडी. ज्याच्याकडे घोडी नाही त्यानं हे काम करू नये. जॅक गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला नसतो. विटांवर ठेवलेल्या गाडीखाली शिरणाऱ्यांना मी काही सांगत नाही, त्यांना देवच समजावो.

दुसरा जॅक मागच्या ॲक्सलखाली हलकासा लावला. कारण चाक लोंबकळताना ॲक्सलला खाली जाण्यापासून रोखतो तो शॉकच. तो आधार न देता बोल्ट काढला की ॲक्सल खाली आपटतो, ब्रेकचा पाइप ताणला जातो आणि स्प्रिंग जागेवरून निसटू शकते. हे मी पाहिलेल्या चार व्हिडिओंपैकी एकातच सांगितलं होतं. उरलेल्या तिघांत झकास संगीत होतं.

वरचा नट डिकीत, गालिच्याच्या आड, प्लास्टिकच्या झाकणाखाली. आणि इथं मी अडकलो. नट फिरवायला गेलो की दांडाच सोबत फिरायचा. हातात व्हाइस ग्रिप होता, जुना शॉक तसाही फेकायचा म्हणून दांडा पकडला आणि काम झालं. नवा बसवताना तोच मोह झाला. तेवढ्यात उस्तादांचं वाक्य आठवलं, “नये के दांडे कू पकड मारे तो समझो पैसा गटर में.” क्रोमवर ओरखडा पडला की तोच ओरखडा नव्या सीलला महिन्याभरात कापतो. दांड्याच्या टोकाला चपटा आकार दिलेला असतो, तो छोट्या पान्यानं धरायचा आणि नट रिंग पान्यानं फिरवायचा. माझ्याकडे बसणारा पाना नव्हता. मुलीला सायकलवर पाठवून मोहल्ल्यातून मागवला. शेजारी आले ते याच वेळी.

खालचा बोल्ट तासभर खाऊन गेला. शेवटी लांब पाइप लावून जोर केला तेव्हा कर्र आवाज करत सुटला. आधी वाटलं तुटला. छातीत धस्स झालं. वायसर आणि बुश कुठल्या क्रमानं होते याचे फोटो काढून ठेवले होते म्हणून बरं, नाहीतर त्यांतला एक खोलगट वायसर मी नक्की उलटा बसवला असता.

नवा शॉक आडवा पडून आलेला असतो, त्यामुळे त्याच्यातलं तेल आणि गॅस मिसळलेले असू शकतात. बसवण्याआधी उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण दाबायचा आणि पूर्ण ओढायचा. सुरुवातीला मध्येच पोकळ लागतो, मग सगळीकडे सारखा जड होतो. तो जडपणा हाताला कळतो. तो क्षण मला फार आवडला, खोटं कशाला बोलू.

आणि शेवटची गोष्ट, जी चांगले चांगले विसरतात. खालचा बोल्ट चाक लोंबकळत असताना पक्का करायचा नाही. आधी जॅकनं ॲक्सल इतका वर घ्यायचा की गाडी जमिनीवर उभी असताना असतो तितका, आणि मग आवळायचा. नाहीतर रबरी बुश लोंबकळत्या स्थितीत जखडला जातो, गाडी खाली आली की कायमचा पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. किती आवळायचा त्याचा आकडा गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असतो, टॉर्क रेंच लागतो. मी उस्तादांचा आणला.

दोन शॉक, पाच तास. उस्तादांच्या शेडमध्ये हे काम पाऊण तासाचं.

आता हिशेबाकडे येतो.

पुढच्या कामाला मी बुधवारी कॉलेज सुटल्यावर गेलो. उस्तादांनी आधी स्ट्रट आणि चाकाच्या हबला जोडणाऱ्या बोल्टांवर खडूनं खुणा केल्या, म्हणजे बसवताना चाकाचा कोन फार सरकू नये. स्प्रिंगच्या दोन बाजूंना कॉम्प्रेसरचे आकडे लावले आणि थोडं इकडे, थोडं तिकडे असं सारखं आवळत गेले. एका बाजूनं जास्त आवळलं तर स्प्रिंग वाकडी होऊन उसळते. मला हात धरून मागे उभं केलं. वरचं बेअरिंग हातात घेऊन कानाजवळ फिरवलं आणि म्हणाले, “रेती बोल रही है,” ते बदललं. उजवा शॉक फक्त घामेजला असला तरी जोडी म्हणून तोही गेला. दोन्ही बाजू दीड तासात झाल्या. मजुरी सांगितली आठशे रुपये.

माझ्याआधी तिथं एक गृहस्थ उभे होते. पांढरी मोठी एसयूव्ही, नवी कोरी नव्हे पण लाखांची. त्यांच्या गाडीची मजुरी झाली होती सातशे. “पाचशे देतो, उस्ताद. नेहमीचंच गिऱ्हाईक आहे.” उस्तादांनी हात पुसत मान हलवली. शेवटी सहाशेवर तुटलं. तोच माणूस सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर असता तर कार्ड काढून मशीनवर टेकवलं असतं आणि पावतीवरची ओळसुद्धा वाचली नसती. मला हे कसं माहीत? कारण चोवीस हजार आठशेच्या कागदाला मी ‘थँक यू’ म्हणालो होतो आणि पाच मिनिटांच्या अचूक निदानाला चहासुद्धा पाजला नव्हता.

आपण भाव कुणाशी करतो? जो हातानं काम करतो त्याच्याशी. जो काचेआड बसतो त्याच्याशी नाही. काळ्या हातांना आपण ‘लुटतील’ या संशयानं बघतो आणि टायवाल्याला ‘सिस्टीमच तशी आहे’ म्हणून माफ करतो. गॅरेजवाले फसवत नाहीत असं मी म्हणत नाही. जुना भाग धुऊन नवा म्हणून लावणारे, नकली बेअरिंगला असली डब्यात घालणारे मीही पाहिलेत. पण तिथं मी शेजारी उभा राहू शकतो, जुना भाग हातात मागू शकतो, भांडू शकतो. काचेआडच्या फसवणुकीला छापील कागद असतो, म्हणून ती आपल्याला फसवणूक वाटतच नाही.

हे माझं एकट्याचं रडगाणंही नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता. ठपका हाच होता की अस्सल सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची साधनं बाहेरच्या मेकॅनिकपर्यंत खुल्या बाजारात पोचू दिली जात नाहीत. कंपन्या दाद मागायला वर गेल्या. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, त्यात मोबाइल, घरगुती उपकरणं, शेती अवजारं यांच्यासोबत वाहनंही आहेत. पण पोर्टल असणं आणि उस्तादांच्या शेडमध्ये माझ्या गाडीचं मराठीतलं वर्कशॉप मॅन्युअल असणं या दोन फार लांबच्या गोष्टी आहेत. त्यांनी सगळं कानानं, बोटांनी आणि मार खाऊन शिकलंय. मला टॉर्कचा आकडा इंग्रजी पीडीएफमध्ये सापडला. त्यांना तो कुणी कधी दिलाच नव्हता, तरी माझा रेंच ‘टक्’ वाजला तेव्हा ते म्हणाले, “हौ, इतनाच.”

यूट्यूबवाल्यांवरही माझा राग आहे. ‘तीस मिनिटांत शॉक बदला, मेकॅनिकला विसरा.’ शिकवताय, चांगलं आहे. मीही त्यातूनच शिकलो. पण मेकॅनिकला विसरा का? मी पाच तास घाम गाळल्यावर मला पहिली गोष्ट कळली ती अशी की आठशे रुपये कमी आहेत. घरी काम करण्याचा खरा फायदा पैशाचा नाहीच. कामाची किंमत कळते, हा आहे. शिवाय आपली मर्यादाही कळते. पुढची स्प्रिंग मी उघडली नाही, त्याची मला लाज वाटत नाही.

आता ‘पंक्चर’कडे.

हा शब्द आपल्याकडे आता चाकाचा राहिलेला नाही. ट्रोल लिहितात, कॉलेजच्या ग्रुपवर चुटके येतात, कुणी मुसलमान पोरगा वादात जिंकायला लागला की उत्तर ठरलेलं: जा, पंक्चर काढ. १४ एप्रिल २०२५ रोजी हिसारच्या सभेत खुद्द पंतप्रधान म्हणाले की वक्फच्या मालमत्तेचा प्रामाणिक वापर झाला असता तर मुस्लिम तरुणांना सायकलची पंक्चरं काढून पोट भरावं लागलं नसतं. वक्फच्या जमिनी कुणी खाल्ल्या हा प्रश्न रास्त आहे. त्यावर मी याआधीही आपल्याच लोकांच्या शिव्या खात लिहिलंय. पण उदाहरण निवडताना पंक्चरच का आठवलं? सच्चर समितीनं २००६ मध्येच आकडे मांडून सांगितलं होतं की मुसलमान पगारी नोकरीत कमी आणि स्वतःच्या छोट्या धंद्यात जास्त आहेत. दार बंद होतं म्हणून माणूस रस्त्याच्या कडेला बसला, हात चालवायला शिकला, आणि आता त्या हातांनाच हसायचं?

बरं, हसणारे फक्त ‘ते’ आहेत का? माझ्या अब्बांनी मला लहानपणी याच उस्तादांच्या शेडमधून कान धरून घरी आणलं होतं. “पाना हात में लेगा तो जिंदगीभर पाना ही लेगा.” अब्बा शिक्षक होते. त्यांची भीती मला समजते, त्यांनी मला कॉलेजात पोचवलं, त्यांचं ऋण आहे. पण त्या वाक्यात आणि शेजाऱ्यांच्या विनोदात फरक कितीसा आहे? आपल्या लग्नाच्या बोलण्यांमध्ये मुलगा ‘ऑटोमोबाइल लाइन में’ असतो, ‘मेकॅनिक’ नसतो. दुबईला तेच काम करत असेल तर मात्र ‘टेक्निशियन’. जलशात, इज्तिम्यात, शाळेच्या बक्षीस समारंभात डॉक्टर झालेल्या मुलीचा सत्कार होतो; व्हायलाच हवा. चाळीस वर्षं या जिल्ह्याच्या गाड्या रस्त्यावर ठेवणाऱ्या माणसाला व्यासपीठावर बसवलेलं मी एकदाही पाहिलं नाही. म्हणून त्या सकाळी मी हसलो. मलाही आत कुठंतरी वाटत होतं की प्राध्यापक माणूस, आणि हे काय.

उस्तादांशीही माझं भांडण आहे, ते टाळणार नाही. त्यांच्याकडे एक पोरगा आहे, सोळाचा असेल. हुशार. उजव्या बाजूचं माउंटिंग त्यानंच बसवलं. आठवीत शाळा सुटली. मी म्हटलं, “उस्ताद, ये गलत है.” ते म्हणाले, “मैं बारा साल का था.” मग? तुमच्या भुवईवर खूण आहे म्हणून त्याच्याही असायला हवी? चौदाच्या आतल्या मुलाला कामाला ठेवणं २०१६ च्या कायदादुरुस्तीनंतर सरळ गुन्हा आहे. शाळा सांभाळून घरच्या धंद्यात मदत करण्याची तेवढी सूट ठेवलीय, आणि त्यामुळे प्रत्येक गॅरेजमधला पोरगा मालकाचा भाचाच निघतो. उस्ताद ज्याला तालीम म्हणतात त्यात शिव्या आहेत, चापट्या आहेत, गॉगल नाही, हातमोजे नाहीत, आणि दहा वर्षांनी कागदही नाही. हातात कागद नसला की बँक कर्ज देत नाही, कंपनी दारात उभं करत नाही, आणि पुढच्या पिढीला पुन्हा तेच शेड. आयटीआयला मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम दहावीनंतर आहे. आधीपासून येणाऱ्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोयही कौशल्य योजनेत आहे. आपल्या किती तंझीमांनी, किती मशीद कमिट्यांनी गॅरेजमधल्या पोरांना हे फॉर्म भरून दिलेत? जकातीच्या पैशातून शिलाई मशीन वाटताना फोटो निघतो. एका पोराची सतरा नंबरच्या फॉर्मनं दहावी करून घ्यायला दोन वर्षं लागतात आणि त्यात फोटो निघत नाही.

मी त्या पोराला म्हटलं, संध्याकाळी सातनंतर माझ्याकडे ये, गणित-इंग्रजी बघू. तो उस्तादांकडे बघायला लागला. उस्ताद बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “सात नक्को. साडेसात. शटर गिराने कू कौन है?” आला, दोनदा. तिसऱ्या दिवशी आला नाही. चौथ्या दिवशी मी शेडवर गेलो आणि बाहेर उभा राहिलो, तेव्हा मुकाट्यानं हात धुऊन माझ्याबरोबर निघाला.

उस्तादांना त्या बुधवारी मी आठशेच्या जागी बाराशे दिले. त्यांनी चारशे परत केले आणि म्हणाले, “रेट खराब नक्को करो.” त्यांना दान नको होतं. त्यांना एवढंच हवं होतं की कुणी सातशेचे पाचशे करू नयेत.

शेजाऱ्यांशी अजून या विषयावर बोललो नाही. जिन्यात भेटतात, गाडी कशी चालते विचारतात. बोलेन. विनोद म्हणून सोडून देणं सोपं आहे आणि आम्ही दोघांनीही तेच केलंय आजवर.

शंभरेक किलोमीटर झाल्यावर सगळे बोल्ट पुन्हा तपासायला उस्तादांनी सांगितलं होतं. तपासले. डावीकडचा खालचा बोल्ट, नेमका तोच, जो मी शेजारी हसून गेल्यावर बसवला होता, रेंच वाजायच्या आधी अर्धा पाव फेरा फिरला. पाच तास जीव ओतून केलेलं काम आणि ही चूक. उस्तादांना फोन केला. म्हणाले, “होता है. अलाइनमेंट बाकी है तुम्हारा, इतवार को जोहर के बाद लाओ.”